म्हाताऱ्या कातडीचा गोंद

हरेश्वर भोईर आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले, त्याच दिवशी ओळख करून घ्यायला म्हणून आमच्याकडे आले आणि आल्या आल्या त्यांनी आमच्या दाराची कडी ओढून बघितली. मग तोरण ओढलं. मग भिंतीवरच्या कॅलेंडरचा खिळा हलवून बघितला. मी चहा टाकायला आत गेले, तेवढ्यात बाहेरून आमच्या ह्यांचा आवाज आला, "अहो, अहो, हे काय?" बाहेर येऊन बघते तर ह्यांच्या शर्टाचं बटण हरेश्वरांच्या चिमटीत, आणि ते खिडकीच्या उजेडाकडे धरून निरखून बघणं चाललेलं.

"कुठून सुटलं?" त्यांनी विचारलं.

आमचे हे सुताचे व्यापारी. अख्खी हयात दोऱ्यात गेली, पण असा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. ते नुसतेच आपल्या छातीकडे बघत बसले.

"दोरा तुटलेला नाही," हरेश्वरांनीच उत्तर दिलं. "बटणही शाबूत आहे. कापड फाटलंय. दोरा चांगला होता हो, पण ज्याला धरून होता तेच विरलेलं. वहिनी, या शर्टाला आता दुसरं बटण लावू नका. टाका घालाल तिथे फाटेल."

शर्ट माझ्या भावानं दिवाळीला दिलेला. मला राग आला. चहा मी दिला, पण बिस्किटं आतच ठेवली.

नंतर कळलं, की ओढून बघणं हा या माणसाचा धंदाच होता. हरेश्वरभाऊजी रसायनशास्त्राचे डॉक्टर. दाताच्या दवाखान्यात किडलेल्या दातात एक पांढरा लगदा भरतात, मग पेनाएवढा निळा दिवा त्यावर धरतात आणि बघता बघता तो लगदा दगडासारखा होतो, हे आपण सगळ्यांनी आ वासून अनुभवलेलं आहे. असला लगदा बनवणारी एक छोटी कंपनी आमच्या भिवंडीबाहेरच्या गोदामांच्या रांगेत आहे. तिथल्या प्रयोगशाळेचे भाऊजी प्रमुख, आणि बहुतेक दिवशी शिपाईही तेच. पगार दाताच्या लगद्याचा मिळायचा. जीव मात्र अडकला होता दुसऱ्याच लगद्यात.

तो म्हणजे जखमेवर लावायचा गोंद. सुई नको, दोरा नको. जखमेच्या दोन्ही कडा जवळ आणायच्या, वर गोंद पसरायचा, निळा दिवा धरायचा, की झालं. चिकटायला तो गोंद छान चिकटायचा. पण ओढलं की सुटायचा. तो सुटू नये, त्याची ताकद वाढावी, यासाठी भाऊजींची सारी धडपड. आणि ताकद वाढवायची तर आधी तो सुटतो कुठून हे कळायला हवं. गोंद मधूनच फाटला, तर गोंद कच्चा. गोंद अख्खाच्या अख्खा कातडीवरून निघून आला, तर पकड कच्ची. दोन्हींवर औषधं वेगवेगळी. म्हणून "कुठून सुटलं?" हा प्रश्न त्यांच्या जिभेवर सदा तयार असायचा, आणि तो कुठे विचारावा याला काही धरबंध नव्हता.

माझ्या भाचीचं ठरलेलं लग्न मोडलं, तेव्हा ती आमच्याकडे येऊन राहिली होती. कोणाशी बोलत नव्हती, जेवत नव्हती. भाऊजी भेटायला आले, खुर्ची ओढून (आधी तिचा पाय हलवून बघून) तिच्यासमोर बसले आणि अगदी कळवळून म्हणाले, "कुठून सुटलं गं? मधूनच, की त्यांच्या बाजूनं?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आता या माणसाला दार दाखवावं म्हणून मी उठले, तर भाची फिस्सकन हसली. आली तेव्हापासून पहिल्यांदाच हसली. मग डोळे पुसत म्हणाली, "त्यांच्या बाजूनं, काका. मुळात नीट चिकटलंच नव्हतं."

"मग तुझ्यात खोट नाही," भाऊजी म्हणाले. "जेवून घे."

आणि ती जेवली. त्यानंतर बिस्किटांचा डबा मी त्यांच्यासमोर ठेवायला लागले.

दुसरं त्यांचं ठेवणीतलं वाक्य म्हणजे "घाई केली की काच होते." दिवा भगभगीत लावून गोंद झटकन घट्ट केला, की तो काचेसारखा कडक होतो. आणि कातडी तर हलणार, वाकणार, ताणली जाणार. कडक गोंदाला तिच्याबरोबर वाकता येत नाही, मग तो कडेनं उचलला जातो. त्याऐवजी दिवा मंद ठेवावा, वेळ द्यावा, म्हणजे गोंद थोडा नरम राहतो. हे त्यांनी मला शाळेत शिकवून दमून आल्यावर जिन्यात उभं करून समजावलं होतं. मी कुकरची शिट्टी लवकर काढली की समोरच्या दारातून आवाज यायचा, "वहिनी, घाई केली की काच होते!" वरणाची काच कशी होईल, पण नाही. सोसायटीचं रंगकाम असो, पोरांची परीक्षा असो, वाक्य तेच. मागच्या गल्लीतल्या लूमच्या खडखडाटातही त्यांचा तो आवाज बरोबर ऐकू यायचा.

प्रयोगाला लागायची बकरीची कातडी. ती निजामपुऱ्यातल्या सलीमभाईंच्या दुकानातून यायची. सलीमभाईंना या गिऱ्हाइकाचं भारी कौतुक. मला म्हणाले होते, "भाभी, पूरा भिवंडी जवान बकरा मांगता है. ये एक साहब है जो बुढ़िया मांगते है, वो भी खाली चमड़ी. मैंने पूछा, पकाते कैसे हो? बोले, पकाता नहीं, चिपकाता हूँ."

भाऊजींचा फ्रीज एकदा बिघडला, तेव्हा "जरा ठेवू का, वहिनी?" म्हणून एक डबा आमच्या फ्रीजरमध्ये आला. नेमकी संकष्टी. माझ्या नणंदबाई आल्या होत्या, सरबताला बर्फ हवा म्हणून त्यांनीच फ्रीजर उघडला. आत पुड्यांवर भाऊजींच्या सुवाच्य अक्षरात लिहिलेलं, 'बकरी, मान', 'बकरी, पोट, डावी बाजू', 'बकरी, फार म्हातारी'. नणंदबाई सरबत न घेताच रिक्षा करून निघून गेल्या. पुढच्या संकष्टीला मी बोलावलं तेव्हा त्यांनी आधी फ्रीजची चौकशी केली.

म्हातारीच कातडी का, हे बिल्डिंगमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. भाऊजी स्वतः मात्र कधी बोलले नाहीत. विचारलं तर "म्हातारी कातडी अवघड असते, तिथे टिकलं तर सगळीकडे टिकेल," एवढंच सांगायचे.

खरं कारण त्यांच्या घरात, खिडकीजवळच्या पलंगावर बसलेलं असायचं. त्यांची आई, सोनूआई. भोईर मूळचे खाडीकाठच्या गावातले, मिठागरात राबलेलं घर. पुढे जमिनींवर गोदामं उभी राहिली, थोरले भाऊ दामोदरदादा मोठे असामी झाले, गळ्यात जाड साखळी आणि दारात काळ्या काचांची गाडी. सोनूआई मात्र दादांच्या बंगल्यात रमली नाही. "तिकडं बोलाला कोन न्हाय, सगली मोबाइलमंदी," म्हणून धाकट्याकडे आली. धाकट्यानं लग्न केलेलं नव्हतं. मायलेक दोघंच.

सोनूआईनं दम्यासाठी वर्षानुवर्षं गोळ्या घेतल्या होत्या. त्या गोळ्यांनी दमा आवरला, पण कातडी पार पातळ करून टाकली. कांद्याचा वरचा पापुद्रा असतो तशी. पलंगाची कड लागली, फाटली. पदराची पिन घासली, फाटली. हातात बांगडी नाही, घड्याळ नाही. भाऊजींनी आपल्या जुन्या थंडीच्या बनियनच्या लांब बाह्या कापून तिच्या हातांना घालायला दिलेल्या. एकदा डॉक्टरांनी टाके घालायचा प्रयत्न केला, तर दोरा ओढताच कातडी चिरत आली. तेव्हापासून जखम झाली की औषधाची जाळी लावायची, पट्टी बांधायची आणि वाट बघायची. एक भरेपर्यंत दुसरी व्हायची. अशा कातडीवर टाका चालत नाही, चालला तर गोंदच चालेल. म्हणजे भाऊजींचा गोंद ज्या दिवशी टिकेल, त्या दिवशी सोनूआईची सुटका. आम्ही सगळे त्या दिवसाची वाट बघत होतो. आमच्या बिल्डिंगचा वॉचमनसुद्धा भाऊजींना गेटवर विचारायचा, "साहब, चिपका?"

आणि गेल्या उन्हाळ्यात तो चिकटला.

भाऊजी त्या संध्याकाळी घरी आले ते जिना चढतानाच हाका मारत. यंत्रावर ताणून बघितलं, गोंद सुटलाच नाही. पुन्हा बघितलं, तरी नाही. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पुडीतली कातडी घेतली, तरी तेच. कंपनीच्या शेठनी पेढे वाटले. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळातले डॉक्टर स्वतः येऊन बघणार, पटलं तर पुढच्या चाचण्यांना हात घालणार, असं ठरलं. दामोदरदादांनी गावात सांगून टाकलं, की आमच्या हरेशनं सुई-दोरा बंद पाडला. भाऊजी इतके खुशीत, की आमच्याकडे येऊन गेले तरी कडी ओढायची विसरले.

सोनूआईनं मात्र एकच विचारलं. "मंग मना कवा लावशील?"

"लवकर, आय," भाऊजी म्हणाले. "जरा दम धर. लवकर."

त्यांनी आईला दिलेला हा एवढाच शब्द मी ऐकला.

त्याच आठवड्यात रविवारी मला मटण हवं होतं आणि भाऊजींना कातडी, म्हणून त्यांच्या स्कूटरवर मागे बसून मी निजामपुऱ्यात गेले. सलीमभाईंनी माझं मटण तोलून दिलं आणि भाऊजींची पुडी काढली.

"माल बराबर मिल रहा है ना, साहब?" ते म्हणाले. "गर्मी चालू हुई ना, तबसे मैं खुद ध्यान देता हूँ. रात भर नमक मार के रखता हूँ, सुबह धो के, कपड़े से पोंछ के पैक करता हूँ. आप अपने आदमी हो, आपका माल सड़ना नहीं चाहिए."

"नमक?" भाऊजी म्हणाले.

"खड़ा नमक. चमड़ेवाले के पास भी वैसाच जाता है ना."

भाऊजींनी पुडी सोडली. आतला तुकडा बोटांनी दाबून बघितला, नाकाशी नेला, आणि मग भर बाजारात, सगळ्या गिऱ्हाइकांदेखत, जीभ लावून बघितला. दोन बायका मटण न घेताच मागे सरकल्या.

मला काही कळेना. भाऊजींनीच सांगितलं, अगदी हळू. मिठानं कातडीतलं पाणी ओढून घेतलं होतं. म्हणून ती कोरडी ठणठणीत झाली होती. कोरड्या कातडीला कुठलाही गोंद चिकटतो. जखम कधी कोरडी नसते. यंत्रावर जे टिकलं ते त्यांच्या गोंदाचं बळ नव्हतं, सलीमभाईंच्या मिठाचं होतं.

"आई उभा जन्म मिठागरात होती, वहिनी," ते म्हणाले. "आणि मला मीठ ओळखता आलं नाही."

सलीमभाईंना ते एक शब्द वावगं बोलले नाहीत. उलट त्यांचा हात हातात घेऊन "शुक्रिया" म्हणाले. मग वळले आणि चालत निघून गेले. स्कूटर तिथेच. मला स्कूटर चालवता येत नाही. मटणाची पिशवी मांडीवर घेऊन मी दुकानातल्या स्टुलावर त्या स्कूटरची राखण करत बसले.

सलीमभाईंचा चेहरा उतरला होता. "भाभी, मैंने कुछ गलत किया क्या?"

"नहीं भाई," मी म्हटलं. "आपने प्यार से किया."

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजींनी शेठना सगळं सांगितलं. मुंबईच्या डॉक्टरांना येऊ नका म्हणून कळवलं. ही बातमी गावात पोचली आणि दामोदरदादा तणतणत आले. दारं उघडीच होती, मला सगळं ऐकू येत होतं.

"आरं, तू सांगितला नसता त कोनाला कललं असता?"

"आयच्या कातडीला कललं असता, दादा," भाऊजी म्हणाले.

दादा आईजवळ थोडा वेळ बसले आणि गेले.

सलीमभाईंकडून मग बिनमिठाची, ताजी कातडी यायला लागली आणि गोंद पुन्हा पहिल्यासारखा सुटायला लागला. भाऊजी गप्प झाले. माझ्या कुकरला दोन-दोन आठवडे कोणी बोललं नाही. मी मुद्दाम शिट्टी लवकर काढून बघितली, तरी नाही.

पण हा माणूस असा, की सुटलेल्या गोष्टीशीसुद्धा त्याचं वैर नसतं. एक दिवस जिन्यात थांबून मला म्हणाले, "वहिनी, ओल्या भिंतीवर पोस्टर लावलंय कधी?"

"शाळेत दर पावसाळ्यात लावते."

"आधी काय करता?"

"भिंत पुसून घेते."

"तेच तर," ते म्हणाले. "सलीमभाईंनी पुसूनच दिली होती. आता माझ्या गोंदानं ती स्वतः पुसायला हवी."

म्हणजे असं, की दिवा लावायच्या आधी गोंदानंच कातडीवरचं पाणी क्षणभर शोषून घ्यायचं, पकड घ्यायची, आणि मगच घट्ट व्हायचं. तसं पाणी पिणारं काहीतरी त्यांनी गोंदात मिसळायला घेतलं. कमी घातलं तर उपयोग होईना, जास्त घातलं तर गोंद फुगून फाटे. दिवाही मंद ठेवायचा. हे काम पावसाळाभर चाललं. ताकद वाढली. सलीमभाईंच्या मिठाएवढी कधीच नाही, पण पूर्वीपेक्षा पुष्कळ, आणि ओल्या कातडीवर. भाऊजींनी त्यात दहा उणिवा स्वतःच काढल्या, मग मुंबईच्या डॉक्टरांना कळवलं. ते आले, त्यांनी बघितलं आणि पुढच्या चाचण्यांसाठी गोंद नेला.

पुढच्या चाचण्या म्हणजे आधी प्राणी, मग परवानग्या, मग थोडी माणसं, मग जास्त माणसं. त्याला कितीतरी वर्षं लागतात. सोनूआई नव्वदीकडे झुकलेली. ते गणित सगळ्यांना येत होतं, कोणी मोठ्यानं करत नव्हतं.

दिवाळीच्या आसपास पलंगाची कड लागून सोनूआईचा हात पुन्हा फाटला. मी दूध द्यायला गेले होते. कागदाचा कोपरा दुमडावा तशी कातडी मागे गेली होती. भाऊजी हातमोजे घालून, चिमट्यानं ती कड इतकी हळू पुढे आणत होते, की मी दूध हातात धरून दारातच उभी राहिले. पट्टी झाल्यावर ते हात धुवायला गेले आणि मी त्यांच्या मागे गेले.

"भाऊजी, तो गोंद कपाटात ठेवून पूजा करायची आहे का? लावा की आईंना."

"मेलेल्या बकरीच्या कातडीवर तो टिकतो, एवढंच मला माहीत आहे," ते म्हणाले. "जिवंत माणसाच्या जखमेत तो काय करील, मला माहीत नाही. आग होईल? पू होईल? तिची कातडी त्याच्यासकट निघून येईल? तिच्यावर करून बघू?"

"तुमच्या नियमांना म्हातारपण काय असतं हे ठाऊक नाही," मी म्हटलं. मला फार संताप आला होता.

ते टॉवेलला हात पुसत राहिले, हात कोरडे झाले तरी.

मी तरातरा आत सोनूआईजवळ जाऊन बसले आणि तिच्या लेकाची तिच्याकडेच तक्रार केली. तिनं ऐकून घेतलं. मग बाहेर कानोसा घेऊन म्हणाली, "त्याला नको बोलू, बाय. तुला म्हाईत न्हाय."

आणि मग तिनं जे सांगितलं ते मला खरोखरच माहीत नव्हतं.

"नहानीत मी पडत होते. ह्यो धावत आला न् माजा हात धरला. घट्ट धरला म्हनून वाचले, न्हायतर डोका फुटला असता. पन हाताची कातडी त्याच्या मुठीत आली. केल्याचं साल येतं ना, तशी. डाक्टरनी टाकं घातलं, तं बी फाटलं. तवापासून त्यानं मना हात लावला न्हाय. सगला करतंय माजा. खाना, पानी, औषीद. आंगोलीला बाई लावली. पन हात लावत न्हाय. चिमट्यानं धरतंय मना माजा पोर."

हे सांगताना ती हसत होती. मला मात्र तिथे बसवेना. अख्ख्या भिवंडीतल्या कड्या, खिळे आणि बटणं ओढून बघणारा हा माणूस आपल्या आईला बोट लावायला भीत होता, आणि मी त्याला नियमांवरून बोलून आले होते. त्या गोंदासाठी एवढा जीव का टाकला जात होता, ते मला तेव्हा समजलं.

सोनूआईची पुष्कळ दिवसांची एक इच्छा होती. मिठागराचा हंगाम संपला, की खारट पाण्यानं चिरलेले पाय घेऊन गावच्या बायका वज्रेश्वरीजवळ अकलोलीला जायच्या आणि तिथल्या गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसायच्या. तिला एकदा परत जायचं होतं. पायांवर जखम नव्हती, तेवढे पाय बुडवायला डॉक्टरांनी हो म्हटलं. थंडीत एका सकाळी दामोदरदादांनी गाडी काढली. मीही गेले. भाऊजींनी चाकाच्या खुर्चीचे हात कापसानं मढवून घेतले होते, आणि वेळ पडली तर उचलायला म्हणून एक जाड गोधडी घेतली होती, तिला चारी बाजूंनी धरायला कड्या शिवलेल्या. ती त्यांनी किती वेळा ओढून बघितली असेल ते देवीलाच ठाऊक.

खुर्ची कुंडाजवळ पोचली आणि थांबली. पुढे पायऱ्या होत्या, ओल्या.

"दादा, गोधडी घे," भाऊजी म्हणाले. "तू त्या बाजूनं धर."

"मना काय मढ्यावानी नेताव?" सोनूआई म्हणाली. "मी चालनार."

"आय, पाय घसरंल."

"मंग हात दे."

भाऊजींचे दोन्ही हात पाठीमागे गेले. एवढा मोठा, डोक्याचे केस पिकलेला माणूस, पण चेहरा असा झाला, की मला दुसरीकडे बघावं लागलं.

"आय, माझ्यानं न्हाय होनार," ते म्हणाले. "माझ्या हातात पुन्ना..."

"हात दे म्हनते ना," ती म्हणाली. "तू नको धरू. मी धरते."

मग भाऊजींनी उजवा हात पुढे केला. सोनूआईनं बनियनच्या बाहीतून आपली सुरकुतलेली बोटं बाहेर काढली आणि त्यांचं मनगट पकडलं. मिठागरात फावडं ओढलेला हात तो, कातडी गेली तरी पकड गेली नव्हती. ती एक पायरी उतरली. भाऊजी तिच्याबरोबर वाकून उतरले. त्यांच्या हाताची पाची बोटं ताठ, एकमेकांपासून लांब ठेवलेली. चुकूनसुद्धा मिटू नयेत म्हणून ते बिचारे त्या बोटांकडेच बघत होते. दुसरी पायरी, मग तिसरी. खालच्या दगडावर ती बसली, पाय पाण्यात सोडले आणि "चटका हाय रं!" म्हणून हसली.

दामोदरदादांनी थर्मासमधून चहा ओतला. "हरेश, घे. सोडव आता हात."

"राहू दे, दादा," भाऊजी म्हणाले. "आयनं धरलाय."

आणि त्यांनी चहा डाव्या हातानं घेतला.